"दादा, चाकं जरा बाहेर काढून द्या": स्पेसर आणि रुंद अलॉयचं काम दुकानात घ्यायचं का?



कार ॲक्सेसरीजचं किंवा टायरचं दुकान टाकायच्या तयारीत असलेल्या मुलांचा मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "सर, स्पेसर ठेवायचे का? पोरं फार मागतात." खरंच मागतात. करंजाडे, वडघर, उलवे या पट्ट्यात नवी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात सीट कव्हर, दुसऱ्या महिन्यात म्युझिक सिस्टिम, आणि तिसऱ्या महिन्यात "दादा, गाडीला जरा बैठक द्या, चाकं बाहेर काढून द्या."

माझ्या दुकानात स्पेसर मिळत नाहीत. पण "सर ठेवत नाहीत म्हणून मीही ठेवणार नाही" एवढ्यावर धंद्याचा निर्णय घेऊ नका. यात यंत्राचा भाग आहे, कायद्याचा आहे आणि हिशोबाचा आहे. तिन्ही समजले की समोरच्या ग्राहकाला उत्तर देताना तुमची जीभ अडखळणार नाही. व्हिडिओत आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ट्रॅक म्हणजे काय, आणि तो वाढतो कसा

पुढच्या दोन टायरच्या मध्यरेषांमधलं अंतर म्हणजे पुढचा ट्रॅक. मागच्या दोघांमधलं, मागचा ट्रॅक. पुढच्या आणि मागच्या चाकातल्या अंतराला व्हीलबेस म्हणतात, ते वेगळं. ग्राहक या दोन शब्दांची हमखास गल्लत करतो, तुम्ही करू नका.

ट्रॅक वाढवायचे दोन रस्ते. एक, हब आणि चाक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची चकती घालायची, तोच स्पेसर. दुसरा, कमी ऑफसेटचं अलॉय बसवायचं. ऑफसेट म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि ते हबला जिथे टेकतं ती बाजू, यांच्यातलं अंतर. अलॉयवर ते "ईटी ४५", "ईटी ३५" असं कोरलेलं असतं. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर.

आता एक हिशोब करू. गाडीला मूळ चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. ग्राहकाने सात इंच रुंद, ईटी ३५ चं अलॉय पसंत केलं. रुंदी दीड इंच वाढली, म्हणजे ३८ मिलिमीटर. त्यातली निम्मी, १९ मिलिमीटर, बाहेर गेली आणि निम्मी आत. शिवाय ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणून अख्खं चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर आणि आतली कड ९ मिलिमीटर आत, शॉकॉब्सरच्या दिशेने. ट्रॅक मात्र वाढला फक्त २० मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे दहा-दहा. दिसायला गाडी खूप रुंद दिसते, प्रत्यक्षात ट्रॅक तेवढा वाढलेला नसतो. हा हिशोब कागदावर करता येत नसेल तर अलॉयची ऑर्डर घेऊ नका, मग ती स्पेसरशिवाय असली तरी.

"सर, रुंद गाडी तर जास्त स्थिर असते ना?"

असते. ग्राहक इथे चूक बोलत नाही, त्याला खोडून काढू नका. गाडी उलटण्याला किती विरोध करते याचा एक सोपा मापदंड आहे: ट्रॅकला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. समजा ट्रॅक १५०० आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटर. १५०० भागिले ११००, उत्तर १.३६. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरचे स्पेसर टाकले की ट्रॅक १५४० आणि उत्तर १.४०. सुधारणा झाली.

पण आपल्याकडे फक्त स्पेसर टाकून कोण थांबतं? त्याच गाडीला स्प्रिंगमध्ये रबर घालून किंवा मोठे टायर टाकून ३० मिलिमीटर उंच केलं जातं. मग १५४० भागिले ११६०, उत्तर १.३३. कंपनीतून आली होती त्याहून खाली! पैसे खर्च करून गाडी उलटायला थोडी सोपी करून घेतली. हा हिशोब मी काउंटरवर कॅल्क्युलेटरवर करून दाखवतो. दहापैकी तीन-चार जण तिथेच विचार बदलतात. बाकीच्यांना लूकच पाहिजे असतो, त्यांच्यासाठी पुढचं.

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा. आता तीच हात लांब करून धरा. वजन तेच, पण खांदा भरून येतो. हबच्या बेअरिंगचं तसंच होतं. माणसं-सामानासकट छोट्या गाडीच्या एका चाकावर साधारण ३०० किलो भार येतो असं धरा. चाक २५ मिलिमीटर बाहेर सरकवलं तर ३०० गुणिले ०.०२५, म्हणजे साडेसात किलोग्रॅम-मीटरचा जादा पीळ. एक मीटर लांब दांडा हबला जोडून त्याच्या टोकाला साडेसात किलोची पिशवी कायमची लटकवली, असं समजा. हे गाडी उभी असताना. पावसाळ्यात जेएनपीटी रोडला ट्रेलरच्या मागे खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा हाच आकडा क्षणभर कितीतरी पट होतो. मग बेअरिंग घुंई-घुंई आवाज करायला लागतं, आणि ग्राहक म्हणतो "कंपनीचं बेअरिंगच खराब होतं".

दुसरा परिणाम स्टिअरिंगवर. चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो, आणि टायर जमिनीला जिथे टेकतो, त्या दोन जागांमधलं अंतर कंपनीने मोजून ठरवलेलं असतं. चाक बाहेर काढलं की ते बदलतं. मग एकाच बाजूचं चाक साचलेल्या पाण्यात गेलं किंवा एका बाजूचा ब्रेक जास्त लागला, की स्टिअरिंग हाताला हिसका देतं. कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागल्यावर शंभरच्या वेगात असा हिसका बसला तर काय होईल ते मी सांगायची गरज नाही.

बाकी घासणं, चिखल उडणं वगैरे ग्राहकाला दोन दिवसांत आपोआप कळतं. फक्त एक लक्षात ठेवा: रिकामी गाडी घासत नाही, पाच माणसं बसवून स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घासते. आणि मागच्या फेंडरची आतली कड टायरची भिंत सुरीसारखी कापते.

खरा धोका चकतीत नाही, आट्यांत आहे

स्पेसर ही वस्तूच वाईट, असं मी म्हणत नाही. जर्मनीत स्पेसर चाचणी-प्रमाणपत्रासह मिळतात आणि तपासून गाडीच्या कागदांवर चढवून घेता येतात. पोर्श काही मॉडेलना स्वतः स्पेसर देते. पण तिथे चकतीच्या जाडीप्रमाणे बोल्ट बदललेले असतात आणि मधलं भोक हबवर चपखल बसतं.

आपल्याकडे काय होतं? साधी चकती सरकवली, तेच जुने स्टड, तेच नट. १० मिलिमीटरची चकती घातली की स्टडचे १० मिलिमीटर आटे कमी झाले. ढोबळ नियम असा की स्टडची जितकी जाडी, किमान तितकी लांबी नटात गुंतली पाहिजे. १२ मिलिमीटरच्या स्टडला १२ मिलिमीटर. चार-पाच फेऱ्यांत नट आवळला गेला तर तो आवळलेला नाही, नुसता टेकलेला आहे.

त्याहून फसवी गोष्ट सांगतो, ही वहीत लिहून ठेवा. स्विफ्ट आणि आय-ट्वेंटी, दोन्हींचं पीसीडी ४×१००, दोन्हींचं मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. म्हणजे एकीचं अलॉय दुसरीवर बसतं. पण मारुतीच्या स्टडचा आटा १२×१.२५ आणि ह्युंदाईचा १२×१.५. नट दिसायला अगदी जुळे भाऊ. हाताने दोन फेरे जातात, मग अडतो, आणि पोऱ्या गन लावून तो कचकचून आत घालतो. आटे मेले. त्या दिवशी गाडी व्यवस्थित जाते. दुकानात दोन्हींचे नट वेगळ्या रंगाच्या डब्यात ठेवा आणि पहिल्या पाच फेऱ्या हातानेच, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. नियम मोडला तर मी चिडतो, पोरांना माहीत आहे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट: खाडीची हवा आणि चार महिने पाऊस. लोखंडी हबवर ॲल्युमिनियमची चकती वर्षभरात अशी धरून बसते की हातोडीशिवाय निघत नाही. आणि मध्ये गंज साचला की चाक सपाट टेकत नाही, मग नट ढिले पडायला लागतात.

कायदा: "आरसीवर ट्रॅक लिहिलेलाच नाही!"

थोडं वाचलेला ग्राहक हा मुद्दा काढतोच, आणि मुद्दा हुशार आहे. आरसीवर व्हीलबेस असतो, ट्रॅक नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये "स्पेसर" हा शब्दही तुम्हाला सापडणार नाही. मग अडचण कुठे?

कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सूट आहे ती सीएनजी-एलपीजी किट, दिव्यांगांसाठी केलेले बदल, इंजिन बदल अशा मोजक्या गोष्टींना, त्याही नियम पाळून. चाकांचा त्यात उल्लेख नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र या केरळमधल्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा सैल अर्थ बाजूला सारला आणि उत्पादकाची मूळ वैशिष्ट्यं बदलता येणार नाहीत हे स्पष्ट केलं. रंग बदलणं किंवा किरकोळ फिटिंग ही वेगळी गोष्ट. याशिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरच्या आकाराचा आणि प्लाय रेटिंगचा स्वतंत्र नियम आहे, क्रमांक ९५. आणि कुठलंही मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं, त्यात चाक मडगार्डखाली झाकलेलं असणं हीसुद्धा तपासणी असते. टायर फेंडरच्या बाहेर आला की आरटीओच्या माणसाला टेप लावायचीही गरज पडत नाही, लांबूनच दिसतं.

२०१९ च्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आलं. मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "आजवर कुणाला झालीय कैद?" असं विचारणाऱ्यांना जानेवारी २०२३ चं श्रीनगरचं प्रकरण सांगा. रुंद टायर, हार्डटॉप, जादा दिवे असे बदल केलेल्या एका थारच्या मालकाला तिथल्या वाहतूक न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडलं, पण गाडी मूळ रूपात आणायचा हुकूम झाला.

हे झालं मालकाचं. आता तुमचं. बहुतेक दुकानदारांचा समज असा की "गाडी त्याची, दंड त्याला". याच कलमाचा पहिला भाग वाचा. वाहन बांधणीच्या नियमांविरुद्ध गाडी विकणाऱ्या *किंवा बदलणाऱ्या* उत्पादक, आयातदार आणि डीलरला एक वर्षापर्यंत कैद, किंवा प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. तुम्ही म्हणाल, मी कुठे डीलर? कायद्याच्या कलम २(८) मधली डीलरची व्याख्या काढा. त्यात गाड्या दुरुस्त करण्याचा व्यवसाय करणाराही येतो. टायर बदलणारा, अलाइनमेंट करणारा माणूस या व्याख्येतून बाहेर आहे असं धरून धंदा उभा करू नका.

अपघात झाला तर आणखी पुढचं. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६: निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ची कलमं ८५ आणि ८६: सेवा देणारा आणि विक्रेता यांची भरपाईची जबाबदारी. काही दुकानांत ग्राहकाकडून "माझ्या जबाबदारीवर बसवून घेतले" असं लिहून सही घेतात. त्या कागदाने ग्राहक गप्प बसेल कदाचित. पण निखळलेलं चाक ज्याच्या स्कूटरवर आदळलं, त्याने त्या कागदावर सही केलेली नाही.

विम्याचंही सांगून ठेवा. प्रस्तावात गाडीत केलेल्या बदलांची माहिती द्यायची असते. न कळवता बदल केला आणि सर्व्हेअरला दिसला, की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर वाद सुरू. बेअरिंग-सस्पेन्शनची वॉरंटीही कंपनी नाकारू शकते. आणि पिवळ्या पाटीची गाडी असेल तर विषयच काढू नका. विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्याकडे टॅक्सीवाले ग्राहक वाढलेत. त्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला गाडी दाखवावी लागते. लूकसाठी त्यांची रोजी अडकवायची?

हिशोब आणि ग्राहकाला द्यायचं उत्तर

समजा एका स्पेसर सेटमागे तुम्हाला हातात १,५०० रुपये सुटतात. एक लाखाचा एक दंड भरून काढायला ६७ गाड्या फुकट बसवाव्या लागतील. वकील, दुकान बंद राहिलेले दिवस आणि करंजाड्यात पसरलेली बातमी यात धरलेली नाही. बीबीएला रिस्क मॅनेजमेंट नावाचा अख्खा पेपर होता, त्यात मला एवढं स्वच्छ उदाहरण मिळालं नव्हतं.

पण नुसतं "नाही" म्हणालात तर ग्राहक पुढच्या दुकानात जाईल आणि तिथे बसवून घेईल. म्हणून त्याला खरं काय पाहिजे ते ओळखा. त्याला स्पेसर नको असतो, भरलेलं फेंडर पाहिजे असतं. बेसिक व्हेरिएंटची स्विफ्ट येते १६५/८० आर१४ टायरवर, वरच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर१५. पहिल्याचा बाहेरचा व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. टायर २० मिलिमीटर रुंद, रिम एक इंच मोठी, गाडी लगेच भरलेली दिसते. आणि तो आकार त्याच मॉडेलसाठी कंपनीनेच ठरवलेला आहे. मी असं बोलतो: "भाऊ, कंपनीच्या टॉप मॉडेलला जे आहे तेच तुला देतो, ऑफसेटसकट. आरटीओ विचारणार नाही आणि पावसात तुझी आई मागे बसली असेल तरी मला झोप लागेल." शेवटचं वाक्य मनापासून असतं, म्हणून चालतं.

अशा एका कामात अलॉय, चार टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट असं सगळं मिळून स्पेसरपेक्षा कितीतरी मोठं बिल होतं, आणि बिल पक्कं फाडता येतं. अलॉय घेताना त्यावर आयएसआय मार्क आणि आयएस १६१९२ हा मानक क्रमांक पाहा, टायरवर आयएस १५६३३. नुसतं "जेडब्ल्यूएल" कोरलेलं आहे म्हणून भुलू नका, ती बनवणाऱ्याने स्वतःच दिलेली ग्वाही असते. अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर योग्य मापाची हब रिंग टाकायचीच, ग्राहकाने मागितली नाही तरी. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे, आणि "ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं" ही तक्रार निम्मी तिथेच संपते.

आणि टॉर्क रेंच घ्या. गनने आवळणं म्हणजे अंदाज. छोट्या गाड्यांना साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा आणि भिंतीवर तक्ता लावायचा.

राहिला एक प्रसंग, जो दुकान उघडल्यावर पहिल्याच महिन्यात तुमच्यासमोर येणार. दुसरीकडून स्पेसर बसवलेली गाडी तुमच्याकडे फक्त अलाइनमेंटला किंवा पंक्चरला येईल. चाक काढलंत की ते परत तुम्ही बसवलेलं असतं, हे विसरू नका. माझी पद्धत अशी: चाक काढायच्या आधी ग्राहकाला बोलावून स्पेसर दाखवायचा, फोटो काढायचा, जॉब कार्डवर लिहायचं "स्पेसर आधीपासून, आमच्याकडे बसवलेला नाही". मग सांगायचं की स्पेसर काढून मूळ नटांवर चाक बसवून देतो, त्याची मजुरी घेत नाही. तयार झाला तर उत्तम. तयार नसेल तर चाकाला हात लावायचा नाही, पंक्चरवाल्या ग्राहकाची स्टेपनी लावायची तरी स्पेसर काढूनच. निघालेले स्पेसर पिशवीत घालून त्याच्या ताब्यात द्यायचे, दुकानात ठेवायचे नाहीत. आणि स्पेसर काढलेल्या किंवा नवं अलॉय बसवलेल्या प्रत्येक गाडीला शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला बोलवायचं. येत नाहीत हो लोक, म्हणून तिसऱ्या दिवशी फोन करायचा. माझ्याकडे त्यासाठी काउंटरवर वेगळी वही आहे: गाडीचा नंबर, तारीख, नट तपासले की टिक.